बिनपडद्याचा सर्व्हर आणि त्याच्या पोटातली सात मशीन्स



आपल्या कॉम्प्युटर लॅबच्या मागच्या छोट्या खोलीत लोखंडी रॅकवर एक सर्व्हर चोवीस तास घरघर करत असतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउससुद्धा नाही. नुसती एक नेटवर्कची वायर आणि एक पॉवरची वायर. फर्स्ट इयरची मुलं दरवर्षी विचारतात, "हा बिघडलेला आहे का?" बिघडलेला मुळीच नाही. उलट त्या एका डब्यात यंदा फायनल इयरच्या सात ग्रुपचे सात वेगवेगळे कॉम्प्युटर चालून राहिले आहेत. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा वेगळी. हे कसं काय होतं, आणि त्यासाठी स्क्रीन का लागत नाही, हे सोप्या शब्दांत सांगायचा हा प्रयत्न आहे.

एक सूचना आधीच देते. मराठी विभाग असल्यामुळे कमांडसुद्धा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि कॅपिटल असं सांगितलं नसेल तिथे स्मॉल लेटर्समध्ये.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. राइस मिल कोणी पाहिली नाही असा विद्यार्थी इथे सापडायचा नाही. मिलमध्ये मोटर एकच असते, पण धान भरडायला येतात पन्नास शेतकरी. प्रत्येकाची पोती वेगळी, हिशेब वेगळा. एकाचा तांदूळ दुसऱ्याच्या पोत्यात गेला तर भांडण ठरलेलं. म्हणून मिलवर एक माणूस असतो, जो कोणाचा नंबर कधी लावायचा आणि कोणाचा माल कुठे ठेवायचा हे बघतो.

सर्व्हरमध्ये प्रोसेसर म्हणजे ही मोटर, आणि नंबर लावणारा माणूस म्हणजे हायपरवायझर. फरक इतकाच, की मिलमध्ये एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होतं. इथे मात्र एका सेकंदात शेकडो वेळा पाळी बदलते. त्यामुळे प्रत्येक पाहुण्याला वाटतं, की अख्खी मिल आपलीच आहे. या पाहुण्याला गेस्ट म्हणतात आणि ज्या खऱ्या मशीनवर तो राहतो त्याला होस्ट. गेस्टमध्ये व्हायरस शिरला, कोणी चुकून सगळ्या फाइली उडवल्या, तरी शेजारच्या गेस्टला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही कल्पना नवीन नाही. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही सिस्टिम वापरात आली. त्यात एका मोठ्या कॉम्प्युटरचे अनेक आभासी कॉम्प्युटर केले होते. पुढे १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणलं. गंमत म्हणजे त्या काळी वापरणाऱ्यासमोर पडदा नसायचाच! टाइपरायटरसारखं टर्मिनल असायचं, त्यावर टाइप करायचं आणि उत्तर कागदावर छापून यायचं. म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा जन्मच बिनपडद्याचा आहे. आपण काही विचित्र करत नाही आहोत.

आपल्या घरच्या पीसीत जो एक्स-८६ जातीचा प्रोसेसर असतो, त्याला हे काम सुरुवातीला नीट जमत नव्हतं. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये सॉफ्टवेअरच्या करामतीने ते जमवलं. मग इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये चिपमध्येच तशी सोय दिली. त्या सोयीचा फायदा घेऊन अवी किविटी या इस्रायली इंजिनियरने केव्हीएम लिहिलं, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६.२० मध्ये ते सामील झालं. त्या दिवसापासून प्रत्येक लिनक्स मशीन हे हायपरवायझर होऊ शकतं, वेगळं काही विकत न घेता. केव्हीएम ज्या कंपनीत जन्मलं ती क्युमरानेट २००८ मध्ये रेड हॅटने घेतली.

तीन माणसांची टीम

लिनक्सवर हे काम तीन भाग मिळून करतात. हे तीन जण कोण ते समजलं, की अर्धी लढाई जिंकली.

पहिला केव्हीएम. हा कर्नलच्या आत बसतो. गेस्टच्या साध्या सूचना तो थेट खऱ्या प्रोसेसरवर चालू देतो. फक्त धोक्याची सूचना आली, की लगाम खेचून मध्ये पडतो. म्हणूनच वेग जवळजवळ खऱ्या मशीनइतका मिळतो.

दुसरा क्यूईएमयू. हा फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये आणला. गेस्टला हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, सीरियल पोर्ट दिसले पाहिजेत ना? ते सगळं हा सोंग घेऊन दाखवतो. गेस्टची हार्ड डिस्क म्हणजे प्रत्यक्षात होस्टवरची एक फाइल असते.

तिसरा लिबव्हर्ट. हा मॅनेजर. कोणत्या मशीनला किती मेमरी, कोणती डिस्क, कोणतं नेटवर्क, हे सगळं तो एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि सांगितलं की मशीन चालू-बंद करतो. त्याच्याशी बोलायची कमांड म्हणजे व्हर्श, स्पेलिंग व्ही-आय-आर-एस-एच.

होस्टच्या नजरेने बघितलं, तर प्रत्येक गेस्ट ही फक्त एक प्रोसेस आहे. टॉप कमांड मारा, सात गेस्ट म्हणजे सात ओळी दिसतील.

मग डेस्कटॉप का नको?

"इन्स्टॉल करताना डेस्कटॉप टाकला तर काय बिघडते?" असं मलाही एका सिनियर दादाने विचारलं होतं. उत्तर हिशेबात आहे. समजा होस्टची रॅम ३२ जीबी आहे. सात गेस्टना प्रत्येकी ४ जीबी दिली, तर २८ झाले. होस्टसाठी उरले ४. आता होस्टवर डेस्कटॉप टाकला, की एखाद जीबी तिथेच गेली, तीही कोणी बघत नसताना. तसाच डेस्कटॉप सातही गेस्टमध्ये टाकला, तर अजून सात जीबी नुसत्या वॉलपेपर आणि आयकॉनसाठी! म्हणजे जवळपास दोन ग्रुपची जागा आपण चित्रं दाखवण्यात घालवली.

दुसरं कारण सुरक्षेचं. जितकी सॉफ्टवेअरं जास्त, तितके अपडेट जास्त आणि तितकी भोकंही जास्त.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॅब संध्याकाळी बंद होते. मुलींच्या होस्टेलचं गेट त्याआधीच लागते. ज्या कामाला सर्व्हरसमोर बसावं लागते, ते काम करायला शेवटी मुलंच उरतात. मग ग्रुपमध्ये मुलींच्या वाट्याला रिपोर्ट आणि पीपीटी येतात, आणि सर्व्हरचं काम "आम्ही बघून घेऊ" असं होऊन जाते. बिनपडद्याच्या सर्व्हरसमोर मात्र कोणीच बसलेलं नसतं! सगळ्यांनाच दुरून यावं लागतं, एसएसएचने. रात्री अकरा वाजता माझ्या खोलीतून मी जे करू शकते, तेच लॅबमध्ये उभा राहणारा करू शकतो, एक अक्षरही जास्त नाही. साध्या टेक्स्टला नेटवर्कही फार कमी लागते. होस्टेलचं वायफाय रडत असतानासुद्धा काम चालू राहते.

प्रत्यक्ष सुरुवात

आधी प्रोसेसरमध्ये सोय आहे का ते बघा. प्रोक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये इंटेलसाठी व्हीएमएक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम हे शब्द शोधायचे. सापडले नाहीत तर लगेच निराश होऊ नका, बरेचदा ती सोय बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते.

नंतर क्यूईएमयू, लिबव्हर्ट आणि व्हर्ट-इन्स्टॉल ही पॅकेजेस टाकायची. ज्यांनी मशीन्स सांभाळायची त्यांना लिबव्हर्ट ग्रुपमध्ये घालायचं. पण हे विचार करून करा. त्या ग्रुपमधला माणूस मनात आणलं तर होस्टचा मालक होऊ शकतो. म्हणून दोन-तीन जबाबदार लोक पुरेत. बाकीच्यांना फक्त आपापल्या गेस्टचा पासवर्ड, किंवा त्याहून चांगलं म्हणजे एसएसएच की.

आता नवीन मशीन बनवायची कमांड व्हर्ट-इन्स्टॉल. तिला सांगायचं: नाव काय, मेमरी ४०९६ एमबी, व्हीसीपीयू २, डिस्क २० जीबी. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. अडकतात ते पुढे. स्क्रीन नाही, मग इन्स्टॉलरचे प्रश्न दिसणार कुठे?

इथे तीन गोष्टी एकत्र लागतात. एक, ग्राफिक्सच्या जागी नन लिहायचं, म्हणजे गेस्टला ग्राफिक्स कार्डच द्यायचं नाही. दोन, इन्स्टॉलर सीडीरॉमच्या पर्यायाने न देता लोकेशनच्या पर्यायाने द्यायचा. तीन, एक्स्ट्रा-आर्ग्स म्हणून कन्सोल बरोबर टीटीवायएस-झीरो (यातला एस कॅपिटल) असं लिहायचं. याचा अर्थ, "बाबा रे, तुझं बोलणं पडद्यावर नको, पहिल्या सीरियल पोर्टवर पाठव." तो सीरियल पोर्ट आपल्या एसएसएचच्या खिडकीला जोडलेला असतो आणि इन्स्टॉलर तिथे अक्षरांत दिसायला लागतो. लोकेशनच का? कारण कर्नलला असा निरोप द्यायचा, तर व्हर्ट-इन्स्टॉलला कर्नल स्वतःच्या हातात लागतो. सीडीरॉमच्या पर्यायात कर्नल सीडीच्या आतच राहतो, निरोप पोचत नाही आणि तुम्ही कोऱ्या खिडकीकडे बघत बसता. टीटीवाय हा शब्दही टेलीटाइप यंत्रावरून आला आहे, म्हणजे पुन्हा तोच जुना कागदवाला जमाना!

इन्स्टॉल चालू असताना वायफाय तुटलं तर घाबरू नका. मशीन तुमच्या खिडकीत चालत नाही, सर्व्हरवर चालते. परत लॉगइन करून व्हर्श कन्सोल आणि मशीनचं नाव लिहा, जिथे होतं तिथूनच दिसेल. कन्सोलमधून बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस एकत्र दाबायचा. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, कारण बाहेर पडता न आल्यामुळे लोक खिडकीच बंद करून टाकतात. एखाद्या गेस्टला ग्राफिक्स लागतंच असेल, उदाहरणार्थ विंडोज टाकायचं असेल, तर व्हीएनसी एसएसएचच्या बोगद्यातून आपल्या लॅपटॉपवर आणता येतं. तेव्हाही होस्टवर डेस्कटॉप लागत नाही.

डिस्क आणि नेटवर्क

क्यूकाऊ-टू प्रकारची डिस्क फाइल लवचीक असते. २० जीबी सांगितले तरी सुरुवातीला ती तेवढी जागा खात नाही, आत डेटा भरेल तशी फुगते. अजून एक युक्ती आहे. एक कोरी सिस्टिम टाकलेली मूळ फाइल ठेवायची आणि सातही गेस्टना तिच्यावर आधारित पातळ फाइल द्यायची, ज्यात फक्त त्यांचे बदल लिहिले जातात. अट एकच: मूळ फाइलला नंतर कधीही हात लावायचा नाही. पाया हलला, की वरचे सातही मजले पडतात.

नेटवर्कचं म्हणाल, तर लिबव्हर्ट आपोआप एक खाजगी नेटवर्क देतो, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१२२ ने सुरू होणारं. त्यातून गेस्टला बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला सरळ आत येता येत नाही. होस्टेलच्या मेससारखंच: आतली माणसं बाहेर जेवायला जाऊ शकतात, बाहेरच्याला आत यायला ओळख लागते. ही ओळख म्हणजे एसएसएचचा कॅपिटल जे हा पर्याय. आधी होस्टवर आणि तिथून गेस्टमध्ये, अशी एकाच कमांडमध्ये उडी मारता येते. त्यासाठी होस्टवर प्रत्येकाला एक साधं खातं पुरतं, लिबव्हर्ट ग्रुपची गरज नाही. प्रोजेक्टची वेबसाइट अख्ख्या लॅबला दाखवायची असेल तरच ब्रिज करा. ब्रिज करताना होस्टचा स्वतःचा पत्ता त्या ब्रिजवर हलवावा लागतो, आणि थोडं चुकलं तरी एसएसएच तुटतं. म्हणून हे एक काम मात्र मॉनिटर लावून, सर्व्हरसमोर उभं राहून करावं.

रोजच्या कमांड फारशा नाहीत. व्हर्श लिस्ट ऑल म्हणजे हजेरी. स्टार्ट म्हणजे चालू. शटडाउन म्हणजे गेस्टला नम्रपणे "बंद हो" सांगणं. डिस्ट्रॉय हा शब्द ऐकून वाटतं, की मशीन नष्ट झालं. तसं नाही, तो फक्त पॉवरची वायर ओढण्याचा प्रकार आहे. डिस्क जागेवर राहते, पण अर्धवट लिहिलेला डेटा खराब होऊ शकतो. अनडिफाइन म्हणजे लिबव्हर्टच्या रजिस्टरमधून नाव काढणं. आणि ऑटोस्टार्ट म्हणजे होस्ट चालू झाला, की हे मशीनही आपोआप चालू कर.

खरी परीक्षा: लाइट जाते तेव्हा

आता मुद्द्याचं. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, तरी मे-जूनमध्ये वादळ आलं, की तारा तुटतात आणि लाइट जातेच. पंखा बंद पडला तर आपण गच्चीवर जातो. सर्व्हर कुठे जाणार? एका डब्यात सात मशीन्स ठेवण्याचा तोटा हाच आहे, की एक झटका बसला तर सातही ग्रुपचं काम एकाच क्षणी पडतं.

यूपीएस आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण समजा तो पंधरा मिनिटं टिकतो आणि लाइट रात्री दोन वाजता गेली. त्या पंधरा मिनिटांत सातही मशीन्स नीट बंद कोण करणार? यूपीएस फक्त वेळ देतो, काम करत नाही. त्यासाठी एक साखळी बांधावी लागते आणि तिची एकही कडी सुटून चालत नाही.

पहिली कडी म्हणजे यूपीएसपासून सर्व्हरपर्यंतची यूएसबी वायर. ती नसेल तर लाइट गेल्याचं सर्व्हरला कळतच नाही, बॅटरी संपते तेव्हाच कळतं. दुसरी कडी त्या वायरवर कान ठेवणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ नट. हा बॅटरी उतरली, की होस्टला बंद व्हायला सांगतो. तिसरी कडी लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सर्व्हिस. होस्ट बंद होण्याआधी ती गेस्टना शटडाउन सांगते आणि ठरावीक वेळ थांबते. ती चालू आहे का आणि वेळ किती लिहिली आहे, हे तपासायलाच हवं. बॅटरी पाच मिनिटांची आणि थांबायची वेळ दहा मिनिटांची असेल तर उपयोग शून्य. चौथी कडी गेस्टच्या आत: शटडाउनचा निरोप ऐकायची सोय तिथे चालू पाहिजे. पाचवी कडी परत येण्याची. बायोसमध्ये "वीज आल्यावर आपोआप चालू हो" हे सेटिंग आणि गेस्टना ऑटोस्टार्ट. सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुटही तोडायला हवं, नाहीतर लगेच लाइट आली तर सर्व्हरला वीज गेली-आली हे जाणवतच नाही आणि तो सकाळपर्यंत झोपून राहतो.

ही साखळी बांधली, की एकदा मुद्दाम तपासायची. रविवारी सगळ्यांना कळवून, डेटाची कॉपी घेऊन, यूपीएसचं मेन स्विच बंद करायचं आणि घड्याळ लावून बसायचं.

आणि कॉपीवरून आठवलं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट बहुधा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली तर दोघंही जोडीने जातात. बॅकअप म्हणजे मशीन बंद करून तिची डिस्क फाइल आणि एक्सएमएल फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवणं. आठवड्यातून एकदा पुरे.

हे शिकून काय मिळणार?

अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. गुगलच्या भाड्याच्या मशीन्सखाली केव्हीएमच आहे, आणि अ‍ॅमेझॉनने २०१७ पासून आणलेल्या नायट्रो पद्धतीचा पायाही केव्हीएमच. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटरवर काम करणारे संशोधकही आपल्या जागेवरून एसएसएचनेच आत जातात. विदर्भ एक्सप्रेसला गोंदियाहून मुंबईला पोचायला रात्र लागते, पण आपली कमांड तेवढंच अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत कापते. त्या कमांडला ती कोणत्या शहरातून आली, कोणत्या होस्टेलमधून आली, मुलाने मारली की मुलीने, हे कोणी विचारत नाही. बरोबर आहे की चूक, एवढंच बघितलं जातं.

लिनक्स असलेला, ८ जीबी रॅमचा कोणताही जुना पीसी सरावाला चालतो. मॉनिटर काढा, दोन छोटे गेस्ट बनवा आणि आठवडाभर त्याला फक्त दुरून भेटा. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल. तिसऱ्या दिवसापासून मॉनिटरची आठवणही येणार नाही.

आणि सर-मॅडमना एक विनंती. सातही ग्रुपच्या वर्षभराच्या मेहनतीला सध्या कमी पडते आहे ती एक यूएसबी वायर आणि यूपीएसची नवीन बॅटरी. पावसाळ्याआधी तेवढं मंजूर झालं, तर बाकीची साखळी आम्ही मुली होस्टेलमधून बांधून देऊ.